दीड हजार कोनाड्यांची ढाबळ



ज्वारी हुरड्यावर आली की आपल्याकडे पाखरं राखायला कोणीतरी बसतंच. मचाणावर बसायचं, हातात गोफण घ्यायची, नाहीतर डबा बडवत बांधाबांधानं फिरायचं. घरातल्या म्हाताऱ्या आणि शाळा बुडवून आलेल्या पोरी यांच्या वाट्याला हे काम हमखास येतं. थवा उतरला की हाकारा घालायचा आणि तो उडाला की पुन्हा वाट बघायची. आता एक कल्पना करा. ती पाखरं रानातली नाहीत, गावच्या जमीनदाराची आहेत. त्यांनी तुमचं कणीस खाल्लं तर चालतं, पण तुम्ही त्यातलं एक मारलंत तर तो गुन्हा ठरतो. आणि त्या पाखरांसाठी गावात एक घर आहे, तुमच्या घराहून कितीतरी पक्कं, दगडी, उंच.

आज आम्ही अशाच एका घराची गोष्ट घेऊन आलो आहोत. हे घर इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या बेडफर्ड शहराच्या पूर्वेला, ग्रेट औस नदीच्या काठी विलिंग्टन नावाचं गाव आहे. त्या गावात १५४१ च्या सुमारास बांधलेली दगडी ढाबळ अजून उभी आहे. ढाबळ म्हणजे कबुतरं पाळायची जागा. कबुतरखाना म्हटलं की आपल्याला मुंबईतल्या दादरचा, दाणे टाकायचा चौक आठवतो. पण दादरला कबुतरांना नुसतं खायला घालत. विलिंग्टनची इमारत कबुतरांना राहायला, अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला बांधली आहे. म्हणून आम्ही तिला ढाबळच म्हणणार आहोत.

ढाबळ कशी आहे ते आधी डोळ्यांपुढे आणू या. लांबट चौकोनी, उंच, जाड भिंतींची दगडी इमारत. दोन्ही टोकांच्या भिंती वरती त्रिकोणी होत जातात, पण त्यांच्या कडा सरळ उतरत्या नाहीत, जिन्यासारख्या पायरीपायरीनं चढत गेल्या आहेत. छप्पर एकसलग नाही. खालचा उतार एका उंचीवर थांबतो, मग मध्ये फट सोडून वरचा उतार सुरू होतो. कबुतरं याच फटीतून आत जातात आणि बाहेर येतात. लांबून बघणाऱ्याला हे एखादं छोटं चर्च वाटेल. आत गेलं की मात्र चारही बाजूंना, खालपासून वरपर्यंत, कोनाडेच कोनाडे. साधारण दीड हजार. आपल्या जुन्या घरात दिवा ठेवायला असतो तसा एकेक कोनाडा, आणि प्रत्येक कोनाड्यात एका घरट्याची जागा.

इतके कोनाडे कशासाठी, हे समजायला आधी पाखरू समजून घ्यायला हवं. पाळीव कबुतराचा मूळ पूर्वज म्हणजे आपला ओळखीचा पारवा. पारवा झाडाच्या फांदीवर घरटं करत नाही. त्याला कड्याची कपार लागते, अंधारी, थंड आणि आडोशाची. म्हणूनच आपल्याकडे तो देवळाच्या शिखरात, किल्ल्याच्या बुरुजात, विहिरीच्या कडेच्या भोकांत राहतो. ढाबळ बांधणाऱ्यांनी हीच गोष्ट हेरली. डोंगराचा कडा जणू उलटा करून त्यांनी इमारतीच्या आत बसवला. सगळ्या कपारी आतल्या बाजूला आणि बाहेरून सपाट भिंत. पाखराला वाटावं आपण कड्यात राहतोय, आणि माणसाला मात्र दार उघडून प्रत्येक कपारीत हात घालता यावा.

एका जोडीला एक कोनाडा पुरत नाही. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती उडून जायच्या आधीच मादी दुसरी अंडी घालायला तयार होते, त्यामुळे जोडीला दोन कोनाडे लागतात. म्हणजे दीड हजार कोनाड्यांत साधारण साडेसातशे जोड्या. अंडी उबवायला नर आणि मादी दोघंही बसतात. दिवसाच्या मधल्या वेळात नर बसतो, बाकीचा वेळ आणि रात्रभर मादी. पिल्लांना पहिले काही दिवस आईबाप आपल्या गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट रस पाजतात. हा रस मादीच्या गळ्यात होतो तसा नराच्याही होतो. पाजायचं काम दोघांनी वाटून घेतलेलं पाखरू म्हणून आम्हाला त्याचं विशेष कौतुक वाटलं.

पण ढाबळ बांधणाऱ्याला या संसाराचं कौतुक नव्हतं. त्याला पिल्लं हवी होती. पिल्लू साधारण चार आठवड्यांचं झालं की अंगानं जवळजवळ मोठ्या कबुतराएवढं भरतं, पण अजून उडालेलं नसतं. पंख चालवलेले नसल्यामुळे त्याचं मांस कोवळं राहतं. नेमक्या त्याच दिवसांत शिडी लावून कोनाड्यातून ते उचलायचं आणि स्वयंपाकघरात पाठवायचं. हिवाळ्यात दुसरं ताजं मांस मिळत नसे म्हणून ढाबळी बांधल्या, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते फारसं पटत नाही, कारण थंडीच्या दिवसांत कबुतरं फारशी पिल्लं काढत नाहीत. त्यांचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंतचा. तेव्हा हे मांस अडीनडीचं नव्हतं. ती श्रीमंतांच्या ताटातली चैन होती.

आता इमारतीची एकेक गोष्ट पुन्हा बघा. वाड्याची शोभा म्हणून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी काम दिलेलं आहे.

भिंत जाड, कारण आत ऊन-थंडी एकसारखी राहावी आणि अंडी गारठू नयेत. दार ठेंगणं आणि एकच. त्यातून वाकूनच आत जावं लागतं. दार मोठं असतं तर ते उघडताच सगळी पाखरं भेदरून एकदम बाहेर पडली असती. शिवाय लहान दाराला कुलूप घालणं सोपं, कारण पिल्लं चोरायला येणारे होतेच. खिडक्या जवळजवळ नाहीत, कारण पाखराला अंधार हवा. बऱ्याच ढाबळींच्या भिंतीला बाहेरून कंबरपट्ट्यासारखी दगडाची पुढे आलेली एक ओळ असते. पाखरं तिच्यावर ऊन खात बसतात आणि भिंतीवरून चढणाऱ्या उंदराला ती ओलांडता येत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तपकिरी घुशी पसरल्या, तेव्हा अनेक ठिकाणी खालच्या ओळींतले कोनाडे दगड-चुन्यानं बुजवून टाकले. आजही एखाद्या ढाबळीत खालचे कोनाडे बंद आणि वरचे उघडे दिसले तर समजावं, इथे घुशी येऊन गेल्या.

काही ढाबळी गोल असतात. हेरफर्डशायरमधल्या गार्वे गावातली दगडी ढाबळ गोल आहे आणि तिच्यावर १३२६ हे साल कोरलेलं आहे. म्हणजे विलिंग्टनहून ती दोनशे वर्षांनी जुनी. गोल ढाबळीत एक नामी सोय करता येते. मधोमध उभा खांब, तो खाली आणि वर खुंटीवर फिरणारा. खांबाला आडवे हात आणि त्या हातांना बांधलेली शिडी. शिडीवर चढलेला माणूस भिंतीला हात लावून स्वतःला ढकलतो की शिडी जात्यासारखी गोल फिरते. खाली न उतरता सगळे कोनाडे तपासून होतात. डन्स्टर आणि किनवॉर्टन इथल्या ढाबळींत असा फिरता खांब पाहायला मिळतो. विलिंग्टनची ढाबळ लांबट, त्यामुळे तिथे शिडी हलवत हलवतच काम करावं लागणार.

ही ढाबळ बांधली कोणी? सर जॉन गॉस्टविक यांनी. हा माणूस आधी कार्डिनल वुल्झी या बड्या धर्माधिकाऱ्याच्या चाकरीत होता. पुढे राजा आठव्या हेन्रीच्या कारभारात गेला आणि चर्चच्या उत्पन्नातला राजाचा वाटा वसूल करण्याचं काम त्याच्याकडे आलं. १५२९ मध्ये त्यानं विलिंग्टनची जहागीर विकत घेतली. हा काळ मोठ्या उलथापालथीचा होता. हेन्रीनं रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि १५३६ पासून पाच वर्षांच्या आत देशातले मठ एकामागोमाग एक बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. मोडलेल्या मठांचे घडीव दगड गाडे भरभरून जात होते. विलिंग्टनच्या ढाबळीतले दगडही जवळच्या अशाच मोडलेल्या मठांतून आले असावेत असं मानतात. १५४१ मध्ये खुद्द राजा हेन्री विलिंग्टनला येऊन गेला. राजाचं पाऊल ज्या घरी लागायचं, तिथला थाट काय वर्णावा! नवा वाडा, नवे तबेले आणि ही दीड हजार कोनाड्यांची ढाबळ.

ढाबळ हा थाट का होता, हे मात्र नीट लक्षात घ्यायला हवं. त्या काळी इंग्लंडमध्ये ढाबळ बांधायचा हक्क कोणालाही नव्हता. तो गावच्या जमीनदाराचा आणि चर्चच्या पाद्र्याचा. सतराव्या शतकाच्या आसपास इतर जमीनमालकांना ती मुभा मिळू लागली. स्कॉटलंडमध्ये १६१७ साली कायदाच झाला की ज्याच्याकडे दोन मैलांच्या आत ठरावीक उत्पन्नाची जमीन असेल त्यानंच ढाबळ बांधावी. हा कायदा का करावा लागला असेल? आपली कबुतरं निदान आपल्या मालकाच्या शेतात चरावीत म्हणून.

कारण ढाबळीचं सगळं गणित इथे येऊन पोचतं. कोंबडीला दाणा टाकावा लागतो, डुकराला चारा घालावा लागतो. कबुतराला कडक थंडीचे दिवस सोडले तर काही घालावं लागत नाही. सकाळी ते छपराच्या फटीतून उडून जातं, मैलोनमैल चरतं आणि संध्याकाळी पोट भरून घरी येतं. ते कोणाच्या शेतात चरतं याची विचारपूस कोणी करत नाही. त्या वेळी इंग्लंडच्या पुष्कळ गावांत शेतांना कुंपणं नव्हती. जमीनदाराच्या पट्ट्याला लागून कुळाचा पट्टा, त्याला लागून दुसऱ्या कुळाचा. पेरणीला उघड्यावर पडलेलं बी आणि कापणीला आलेली ओंबी, दोन्ही कबुतराच्या आवडीची.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब केला. एक मोठं कबूतर दिवसाला तीसेक ग्रॅम दाणा सहज खातं. विलिंग्टनचे सगळे कोनाडे भरलेले धरले तर मोठी कबुतरंच दीड हजार होतात. म्हणजे रोजचा ४५ किलो दाणा, महिन्याचा साडेतेरा क्विंटल. पिल्लांचं वेगळंच. सगळा दाणा पिकातलाच असेल असं नाही, कबुतरं तणाचं बीही खातात, आणि ढाबळ बाराही महिने भरलेली नसणार. हा अंदाज निम्म्यानं कमी करा, तरी उरलेला आकडा एखाद्या कुळाच्या घरात वर्षभराची भाकरी कमी-जास्त करू शकणारा आहे. गावातल्या पन्नास शेतांतून थोडं थोडं धान्य उचलायचं, पंखांवरून एका इमारतीत आणायचं, आणि तिथे त्याचं मांस करून एका पंगतीला वाढायचं. विलिंग्टनची ढाबळ ही असा वसुलीचा कारखाना होती. कर गोळा करण्यात आयुष्य घालवलेल्या गॉस्टविकनं ती बांधावी, यात नवल कसलं?

मांसाशिवायही तिचं उत्पन्न होतं. पिसं गाद्यांत जात. विष्ठा शेताला उत्तम खत. आणि तिच्यानं मुरलेल्या जमिनीतून सोरा मिळे. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य पदार्थ. सोऱ्यासाठी इंग्लंडच्या राजाची माणसं लोकांच्या ढाबळीत, तबेल्यात घुसून जमीन खणत. सतराव्या शतकात पहिल्या चार्ल्स राजाच्या काळी तर ढाबळीच्या जमिनीवर फरशी घालायलाच मनाई झाली, कारण फरशीखाली सोरा धरत नाही. लोक या खणाखणीला फार वैतागले होते. त्यातून त्यांची सुटका झाली त्यामागे आपल्या देशाचा मोठा हात आहे. ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून, पाटण्याच्या बाजूनं, सोरा जहाजं भरभरून नेऊ लागली. तिकडच्या ढाबळींची जमीन खणायची थांबली आणि इकडच्या नोनिया जातीच्या मजुरांनी मातीतून खरवडून काढलेला सोरा त्यांच्या तोफांत गेला. ओझं हललं ते असं एका गरिबाच्या खांद्यावरून दुसऱ्या गरिबाच्या खांद्यावर.

फ्रान्समध्ये या प्रश्नाचा निकाल वेगळ्या तऱ्हेनं लागला. तिथेही जमिनीपासून छपरापर्यंत कोनाडे असलेली स्वतंत्र ढाबळ ही बड्या जमीनदाराच्या मानाची खूण होती. १७८९ मध्ये राजानं गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या, तेव्हा मिठावरच्या कराबरोबर आणि शिकारीच्या हक्काबरोबर कबुतरांचीही तक्रार पुष्कळ गावांनी केली. त्याच वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री पॅरिसजवळ व्हर्सायमध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेत सरदारांचे जुने हक्क रद्द करण्याची घोषणा झाली. मग जो हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्याच कलमात ढाबळीचा विषय आहे. ढाबळ बाळगण्याचा खास हक्क रद्द. गाव ठरवेल त्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवायची. त्या दिवसांत ती बाहेर दिसली तर आपल्या जमिनीवर कोणीही त्यांना मारावं. जगाचा इतिहास बदलणाऱ्या त्या हुकमात कबुतरांना इतक्या वरची जागा मिळाली, हे पाखरं राखलेल्या बाईला समजावून सांगायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये अशी रात्र आली नाही. तिथे ढाबळी हळूहळू ओस पडल्या. सलगमसारख्या पिकांमुळे जनावरं हिवाळाभर जगवता येऊ लागली आणि मांस वर्षभर मिळू लागलं. अठराव्या शतकाच्या शेवटी धान्याचे भाव चढले, तेव्हा मोठ्या मालकांनाही कबुतरं परवडेनाशी झाली. कोणी ढाबळीत कोठार केलं, कोणी दगड काढून विकले. विलिंग्टनमध्ये गॉस्टविकचा वाडा गेला. ढाबळ आणि समोरचे तबेले तेवढे राहिले, आणि तेही पडायला आले होते.

ते वाचवले एका बाईनं. कॅरोलाइन ऑर्लेबार ही गावच्या पाद्र्याची मुलगी. तिचे वडील पन्नासहून जास्त वर्षं विलिंग्टनच्या चर्चमध्ये होते, त्यामुळे ही ढाबळ बघतच ती मोठी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं ढाबळ वाचवण्यासाठी पुढाकार घेतला आणि १९१४ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हाती सुरक्षित गेली. जुन्या वास्तू आणि मोकळ्या जमिनी सर्वांसाठी राखणारी ही संस्था १८९५ मध्ये सुरू झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल ही एक बाई होती. लंडनच्या गरीब वस्तीत धड घरं मिळवून देण्यापासून तिनं आपलं काम सुरू केलं होतं. त्या काळी इंग्लंडच्या बायकांना पार्लमेंटच्या मताचा अधिकारही नव्हता. तरी कोणती भिंत राखायची, हे त्यांनी ठरवलं आणि ती राखून दाखवली.

आमच्यात यावरून थोडा वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, गरिबांचं धान्य लुटणारी ही इमारत, ती पडली असती तर काय बिघडलं असतं? दुसरी म्हणाली, पडली असती तर लुटीचा पुरावाही गेला असता. आम्हाला दुसरीचं म्हणणं पटलं. तबेल्याच्या शेकोटीवरच्या दगडात जॉन बनियनचं नाव आणि १६५० हे साल कोरलेलं आहे. बनियन हा भांडी दुरुस्त करत फिरणाऱ्याचा मुलगा, पुढे मोठा लेखक झाला. त्याच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झालं होतं. एका कारागिराच्या पोराचं नाव तिथे राहिलं. पण ज्यांच्या शेतात ती कबुतरं चरली त्या कुळांचं, त्यांच्या बायकांचं, थव्यामागे धावलेल्या पोरींचं नाव त्या भिंतींवर कुठेच नाही. त्यांची खूण म्हणजे ते दीड हजार कोनाडे. मोजून घ्या, प्रत्येक कोनाडा कोणाच्या तरी दाण्यावर भरलेला आहे.

तुमच्या गावात गढी असेल, देशमुखांचा किंवा पाटलांचा जुना वाडा असेल. तिथलं पेव किंवा भिंतीतलं बळद बघायला मिळालं तर जरूर बघा. ते किती मोठं आहे हे विचाराच, पण ते कोणाकोणाच्या शेतातून भरायचं हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि तुम्ही किंवा तुमच्या आईनं, आजीनं पाखरं राखली असतील तर त्या दिवसांची आठवण आम्हाला कळवा. एखाद्या भागात आम्ही त्या आठवणी वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.